मोटारगाडीतील क्लच : विकास व बदली

मोटारगाडीचे एंजिन चालू असताना त्याची गती दंतचक्र पेटीस हळूहळू देणारी, अथवा हवी तेव्हा तोडणारी यंत्रणा म्हणजे क्लच होय. वाफ एंजिन शून्य वेगापासून भार ओढू शकते. अंतर्ज्वलन एंजिनास तसे करता येत नाही. किमान वेगाने फिरत राहिले तरच ते चालू राहते. त्यामुळे फिरते एंजिन व उभी गाडी यांची सांगड घालणारा घसरता दुवा मोटारगाडीच्या जन्मापासूनच आवश्यक ठरला. या दुव्याचे कार्यच घसरण्याचे असल्याने त्याची झीज अटळ असते. गाडीच्या आयुष्यात क्लच एकदा तरी, आणि बहुधा अनेकदा, बदलावा लागतो. म्हणून क्लचच्या इतिहासाला दोन धारा आहेत. एक आहे मूळ रचनेतील सुधारणांची. तर दुसरी आहे बदलीच्या भागांची, ते भाग बनविणाऱ्या स्वतंत्र कारखान्यांची आणि ते बसविणाऱ्या कारागिरांची.

प्रारंभीचे क्लच : कार्ल बेन्झ यांनी १८८६ साली एकस्व मिळविलेल्या तीनचाकी गाडीत वेगळा क्लच नव्हता. एंजिनाची गती चामड्याच्या पट्ट्याने आडव्या दंडावर नेलेली होती. या दंडावर एक घट्ट बसविलेली व एक मोकळी फिरणारी अशा दोन कप्प्या शेजारीशेजारी होत्या. पट्टा मोकळ्या कप्पीवरून घट्ट कप्पीवर सरकविला की गाडी चालू लागे. गिरण्यांतील यंत्रे चालू-बंद करण्याची ही जुनीच रीत होती. पट्टा ओला झाला की घसरे आणि ताणला गेला की सैल पडे. मोठ्या शक्तीच्या एंजिनांना ही योजना पुरेशी नव्हती.

फ्रान्समधील पानार ए लेव्हासोर या कंपनीने १८९१ च्या सुमारास एंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे सरकत्या दंतचक्रांची पेटी आणि गती मागील चाकांना, अशी मांडणी रूढ केली. पुढे जगभर हीच मांडणी दीर्घकाळ टिकली. या मांडणीत शंकू क्लच प्रचारात आला. प्रचक्राच्या, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील फ्लायव्हीलच्या, आतील निमुळत्या पोकळीत चामडे मढविलेला शंकू स्प्रिंगेच्या दाबाने रुतून बसे व दोन्ही एकत्र फिरू लागत. पेडल दाबले की शंकू मागे सरे. अल्प दाबात मोठी पकड मिळणे हा या रचनेचा गुण, तर पकड एकाएकी बसणे हा तिचा दोष होता. चामडे कोरडे पडले की गाडी हिसका देऊन निघे व तेलकट झाले की क्लच घसरे. चामडे मऊ ठेवण्यासाठी त्यास एरंडेलासारखे तेल लावीत, तर घसरू लागल्यास तेल शोषणारी मुलतानी मातीसारखी माती त्यावर टाकीत. क्लचची देखभाल हे चालकाचे नित्यकर्म होते व चामडे बदलणे हे खोगीर शिवणाऱ्या चर्मकारालाही जमण्यासारखे काम होते. शंकू जड असल्याने गती तोडल्यावरही तो फिरत राही आणि दंतचक्रे बदलताना घरघर होई. तो थांबविण्यासाठी कित्येक गाड्यांत लहानसा स्वतंत्र गतिरोधक बसवीत.

१९०१ सालच्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीझ गाडीत व्हिल्हेल्म मायबाख यांनी गुंडाळी स्प्रिंगेचा क्लच वापरला. ब्रिटनमधील अभियंते हेन्री सेल्बी हेले-शॉ यांचा अनेक तबकड्यांचा क्लच त्याच दशकातील होय. तबकड्यांना पाडलेल्या खाचांमुळे त्यांचे घर्षणपृष्ठ वाढे व त्या तेलात बुडालेल्या असल्याने पकड सौम्य बसे. अमेरिकेतील हडसन गाड्यांत तेलात चालणारा, बुचाचे तुकडे बसविलेला क्लच १९५४ पर्यंत टिकून होता. १९०८ सालच्या फोर्ड मॉडेल टी गाडीने ग्रहमालेसारख्या दंतचक्रांची वेगळीच वाट धरली. मात्र अखेरीस प्रतिष्ठा लाभली ती कोरड्या, एकाच तबकडीच्या क्लचला.

एक-तबकडी क्लच : या रचनेत प्रचक्र व दाबतबकडी यांच्या मध्ये दोन्ही बाजूंस अस्तर लावलेली पातळ क्लच तबकडी असते. तिचा मध्य दंतचक्र पेटीच्या आदान दंडावरील खाचांत मागेपुढे सरकू शकतो. स्प्रिंगांच्या दाबाने तबकडी दोहोंमध्ये आवळली जाते. पेडल दाबल्यावर रिलीज बेअरिंग म्हणून ओळखला जाणारा धारवा पुढे सरकतो, दाबतबकडी मागे ओढली जाते व मधली तबकडी मोकळी होते. तबकडी हलकी असल्याने गती तुटताच ती लवकर मंदावते आणि शंकू क्लचमधील घरघर बरीच कमी होते.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मोलीन येथे १९०४ साली स्थापन झालेल्या बोर्ग अँड बेक या संस्थेने एक-तबकडी क्लच मोठ्या प्रमाणावर तयार केला. ही संस्था १९२८ साली बोर्ग-वॉर्नर या संघटित कंपनीत विलीन झाली. जर्मनीतील फिख्टेल उंड झाक्स या कंपनीने १९२९ साली मोटारगाड्यांसाठी क्लच तयार करण्यास प्रारंभ केला. याचा आर्थिक परिणाम दूरगामी ठरला. क्लच हा गाडी बनविणाऱ्या कारखान्याने घरी केलेला भाग न राहता विशेषज्ञ कारखान्याकडून विकत घेतलेला भाग झाला. तोच कारखाना तोच भाग दुसऱ्या खोक्यात घालून बाजारात विकू लागला. ‘मूळ’ व ‘बाजारातील’ भाग यांतील भेद अनेकदा केवळ खोक्यावरील नावाचा असतो, त्याचे कारण या व्यवस्थेत आहे. पण तो नेहमीच तसा नसतो. नकली माल हाही या व्यवस्थेबरोबरच आला.

क्लच किती परिबल पेलू शकतो हे घर्षण गुणांक, दाब, अस्तराची सरासरी त्रिज्या आणि घर्षणपृष्ठांची संख्या यांच्या गुणाकाराने ठरते. उदा., घर्षण गुणांक ०·३, दाब ४,००० न्यूटन, सरासरी त्रिज्या ८५ मिमी. आणि पृष्ठे दोन असल्यास क्लच सु. २०४ न्यूटन-मीटर परिबल पेलतो. एंजिनाचे कमाल परिबल १२० न्यूटन-मीटर असेल, तर १·७ पट राखीव क्षमता उरते. अस्तर झिजणे, तापणे व तेलकट होणे यांमुळे घटणारी पकड या राखीव क्षमतेतून भरून निघते. बदलीचा क्लच निवडताना याच चार राशींचा विचार करावा लागतो. शर्यतीच्या वा जड कामाच्या गाड्यांसाठी अधिक दाबाची तबकडी किंवा तप्त दाबाने घडविलेल्या धातुचूर्णाचे अस्तर मिळते. त्याने पकड वाढते. पण पेडल जड होते, गाडी हिसका देते, प्रचक्र लवकर झिजते आणि पेडल दाबताना भुजादंडाच्या प्रणोद धारव्यावर अधिक भार येतो.

पटल स्प्रिंग : प्रारंभीच्या एक-तबकडी क्लचमध्ये दाब देण्यासाठी वर्तुळाकार मांडलेल्या अनेक मळसूत्री स्प्रिंगा असत. अस्तर झिजले की स्प्रिंगा लांबत व दाब घटे, म्हणजे पकडीची गरज वाढत असतानाच ती कमी होई. फार वेगात केंद्रोत्सारी प्रेरणेने या स्प्रिंगा वाकतही. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात एकाच खाचा पाडलेल्या शंक्वाकार पोलादी पटलाची स्प्रिंग वापरात आणली. अस्तर झिजत असताना हिचा दाब फारसा घटत नाही. बोटांसारख्या तिच्या आतील पट्ट्याच तरफेचे काम करतात. त्यामुळे सुट्या तरफा व त्यांची जुळवाजुळव यांची गरज उरली नाही. यूरोपात तिचा प्रसार होण्यास जर्मनीतील ब्यूल येथे १९६५ साली स्थापन झालेल्या लूक या कंपनीचा मोठा हातभार लागला. पूर्वी कारागीर दाबतबकडीच्या प्रत्येक तरफेची उंची मोजून जुळवीत असे. आता तबकडी व आवरण जोडीने बदलणे हीच रीत झाली. दुरुस्तीच्या जागी बदली आली, हा या शोधाचा फारसा न बोलला जाणारा परिणाम होय.

अस्तर व ॲस्बेस्टस : चामड्याला पर्याय शोधण्याचे श्रेय ब्रिटनमधील हर्बर्ट फ्रूड यांच्याकडे जाते. त्यांनी १८९७ साली डर्बीशर परगण्यातील चॅपेल-एन-ले-फ्रिथ येथे गतिरोधकांची अस्तरे बनविण्यास आरंभ केला. त्यांच्या आडनावातील अक्षरांची उलटापालट करून व त्यांत एका अक्षराची भर घालून ‘फेरोडो’ हे व्यापारी नाव सिद्ध झाले. १९०८ साली त्यांनी ॲस्बेस्टस तंतूंचे अस्तर तयार केले. ॲस्बेस्टस उष्णतेने जळत नाही, त्याचे तंतू बळकट असतात आणि ते राळेत चांगले बसतात. त्यामुळे सु. सत्तर वर्षे जगातील बहुतेक क्लच तबकड्या त्याच्याच अस्तराने मढविल्या गेल्या. भारतात झिजलेले अस्तर काढून जुन्याच तबकडीवर नवे अस्तर तांब्या-पितळेच्या रिव्हेटांनी ठोकून बसविण्याची पद्धत फार काळ चालू होती. नवी तबकडी महाग व दुर्मिळ असताना या पद्धतीनेच टॅक्सी व मालमोटारी रस्त्यावर राहिल्या.

या सोयीची किंमत मात्र मोठी होती. ॲस्बेस्टस कारखान्यात काम केलेल्या एका स्त्री-कामगाराच्या मृत्यूवरील वैद्यकीय लेख ब्रिटनमध्ये १९२४ साली प्रसिद्ध झाला. १९३० साली मेरेवेदर व प्राइस यांचा सरकारी अहवाल आला व १९३१ साली कारखान्यांतील धुळीविषयी नियम झाले. हे नियम ॲस्बेस्टस तयार करणाऱ्या कारखान्यांपुरते होते. ते अस्तर कापणारा, घासणारा, भोके पाडणारा गॅरेजमधील कामगार त्यांच्या कक्षेबाहेर राहिला. वापरात तापल्यावर अस्तरातील बऱ्याच तंतूंचे दुसऱ्या, निरुपद्रवी मानल्या गेलेल्या खनिजात रूपांतर होते. त्यामुळे जुन्या क्लचच्या धुळीचा धोका नेमका किती, याविषयी तज्ञांत मतभेद राहिले. परंतु नवे अस्तर घासताना व ठोकताना निघणारी धूळ ताज्या तंतूंची असते. क्लचच्या घरातील धूळ दाबलेल्या हवेने उडवून देण्याची सवय तर सर्वत्रच होती. अमेरिकेत १९९४ च्या नियमांनी गतिरोधक व क्लच यांच्या कामात ही सवय निषिद्ध ठरवून धूळ ओली करून वा बंदिस्त शोषणाने काढणे आवश्यक केले.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टस हा मानवी कर्करोगास कारणीभूत असल्याचा निर्वाळा १९७७ साली दिला. यूरोपीय संघातील बंदी २००५ च्या प्रारंभी पूर्णपणे अंमलात आली. अमेरिकेने क्रायसोटाइल या प्रकारावर बंदी घालणारा नियम २०२४ साली जाहीर केला. फेरोडोची मालकी १९९८ साली ज्या अमेरिकन कंपनीकडे गेली, तिला ॲस्बेस्टसच्या दाव्यांमुळे २००१ साली दिवाळखोरीचे संरक्षण मागावे लागले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मधील निर्णयात ॲस्बेस्टस उद्योगातील प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामास लागल्यापासून ४० वर्षे अथवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर असेल तोपर्यंत ठेवण्याचा आदेश दिला. रोग दशकानुदशके दबा धरून असतो हे त्यामागील कारण होय. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये पंधराव्या वर्षी कामाला लागलेल्या मुलाची अशी नोंद ठेवणारे कोणी नव्हते. ॲस्बेस्टसची जागा आता काच, ॲरामिड इ. तंतूंनी घेतली आहे. मात्र बाजारातील स्वस्त तबकडीवर ‘ॲस्बेस्टसविरहित’ अशी नोंद आहे की नाही, हे पाहणे अद्यापही शहाणपणाचे आहे.

बदलीची पद्धत : क्लच घसरणे, म्हणजे एंजिनाचा वेग वाढूनही गाडीचा वेग न वाढणे, आणि क्लच पूर्ण न सुटणे ही बिघाडाची दोन मुख्य लक्षणे होत. मागील चाके चालविणाऱ्या गाडीत प्रथम लांब प्रेरक दंड व नंतर दंतचक्र पेटी उतरवितात. पुढील चाके चालविणाऱ्या गाडीत एंजिनाला आधार देऊन दोन्ही चाकांकडील दंड काढावे लागतात. दाबतबकडीचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे ढिले करतात, अन्यथा आवरण वाकते. नंतर प्रचक्राच्या पृष्ठावर उष्णतेचे निळे डाग वा तडे आहेत काय, भुजादंडाच्या मागील सीलमधून तेल झिरपते काय, हे पाहणे आवश्यक असते. गळती तशीच ठेवून बसविलेला नवा क्लच लवकरच पुन्हा घसरू लागतो.

नव्या तबकडीची कोणती बाजू प्रचक्राकडे हवी हे तीवर लिहिलेले असते. उलट बसविल्यास तबकडीचा मध्य प्रचक्राच्या बोल्टांना घासतो. तबकडी बरोबर मध्यावर आणण्यासाठी आदान दंडाच्या आकाराचा दांडा वापरतात. पुष्कळ कारागीर निकामी पेटीतून काढलेला जुना दंडच त्यासाठी जपून ठेवतात. खाचांना ग्रीझ अगदी पातळ लावावे लागते, कारण जास्त झालेले ग्रीझ उडून अस्तरावर बसते. बोल्ट पुन्हा समोरासमोरच्या क्रमाने ठरावीक परिबलाने आवळतात. पेटी बसविताना तिचा भार तबकडीवर लोंबू देणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. त्याने तबकडीचा मध्य वाकतो व नवा क्लच पहिल्या दिवसापासून नीट सुटत नाही. रिलीज बेअरिंग जुनेच ठेवणे ही खोटी काटकसर असते, कारण पुढे ते एकटे बदलण्यासाठीही सर्व उकल पुन्हा करावी लागते. शेवटी पेडलची मोकळी चाल जुळवितात आणि प्रारंभीचे काही शे किमी. गाडी बेताने चालवितात.

भारतातील परिस्थिती : हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर ही गाडी १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०१४ पर्यंत तयार होत होती. मुंबईत वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट व पुढे पद्मिनी या नावाने ओळखलेल्या गाड्या तयार झाल्या. आयातीवरील निर्बंधांमुळे एकच गाडी दशकानुदशके वापरात राही. सुट्या भागांची एतद्देशीय बाजारपेठ या गरजेतून वाढली. पुण्यातील नाना पेठेसारख्या पेठा, ‘ओरिजिनल’, ‘लोकल’ व ‘डुप्लिकेट’ ही बाजारभाषा आणि खोके न पाहता तबकडी हातात घेऊन रिव्हेट व स्प्रिंगा तपासणारे कारागीर ही त्या काळाची निर्मिती होय. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. १९८३ साली मारुती ८०० आल्यावर पुढील चाके चालविणाऱ्या गाड्यांचे प्रमाण वाढत गेले व कारागिरांना क्लचचे काम नव्याने शिकावे लागले.

नवीन रचना व हक्काचा प्रश्न : लूक कंपनीने १९८५ साली दोन वस्तुमानांच्या प्रचक्राचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. यातील दोन भागांमधील स्प्रिंगा एंजिनाची थरथर शोषून घेतात. हे प्रचक्र महाग असते व क्लचबरोबर तेही बदलावे लागण्याचा संभव असतो. म्हणून बाजारात त्याऐवजी एकसंध प्रचक्र व स्प्रिंगयुक्त तबकडी यांचा संच मिळतो. खर्च वाचतो, पण थरथर दंतचक्र पेटीकडे जाते. निवड कोणती करावी हे गाडीच्या मालकाने ठरवावयाचे की गाडी बनविणाऱ्या कंपनीने, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

अमेरिकेत १९७५ साली झालेल्या मॅग्नसन-मॉस कायद्याने आपल्याच नावाचा भाग वापरण्याची अट हमीपत्रास जोडण्यास उत्पादकांना मज्जाव केला. यूरोपीय संघाने २००२ च्या नियमांनी स्वतंत्र दुरुस्तीकारांना सुटे भाग व तांत्रिक माहिती मिळण्याची तरतूद केली. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सु. २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला. सुटे भाग व निदानाची उपकरणे खुल्या बाजारात न देणे व बाहेर दुरुस्ती केल्यास हमी रद्द करणे यांमुळे स्पर्धेस बाधा येते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. या निर्णयाविरुद्ध अपिले झाली.

त्याच वर्षी भारतात मारुती सेलेरिओ या गाडीतून स्वयंचलित रीतीने क्लच दाबणारी गतिप्रेषण यंत्रणा सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली. तिच्यात पेडल नसले तरी कोरडी तबकडी व दाबतबकडी पूर्वीसारखीच असते, आणि ती झिजतेही. मात्र नवी तबकडी बसविल्यावर पकड कोठे सुरू होते हे नियंत्रक संगणकास उपकरण जोडून शिकवावे लागते. ते उपकरण नसल्यास निर्दोष बसविलेला क्लचही कामास येत नाही. विजेवर चालणाऱ्या बहुतेक मोटारगाड्यांत क्लच नसतो, कारण विद्युत् चलित्र शून्य वेगापासून परिबल देऊ शकते. परंतु एंजिनाच्या गाड्या रस्त्यावर आहेत तोवर क्लच बदलावे लागतीलच. चामडे बदलण्यास चालकाचे कसब, अस्तर ठोकण्यास कारागिराचे कसब पुरेसे होते. आता त्या कसबाला माहिती मिळण्याच्या हक्काचीही जोड लागते.